केबल आली, मुदत राहिली

जानेवारी २०२४मध्ये कोची-लक्षद्वीप समुद्री केबलचे उद्घाटन झाले. उपग्रहाच्या तुटपुंज्या बँडविड्थवर व्हिडिओ अडकतो, ही सबब बरीचशी मिटली. तरीही बेटावरच्या मच्छीमाराकडून एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणमंचाचा फुकट प्रोग्रॅमिंग कोर्स अर्धवट सुटत असेल, तर दोष वेळापत्रकाचाही धरायला हवा. चिकाटी हवीच, असे कोणी म्हणेल, हवीच. पण टूनाच्या मागे पहाटे निघणारी बोट हवामान पाहते, गृहपाठाची मुदत मात्र दर आठवड्याला संपते. म्हणूनच बारा आठवड्यांच्या कोर्सात सर्वोत्तम आठच गृहपाठ धरण्याची सवलत मोलाची: चार बुडाले तरी निभावते. प्रमाणपत्र मात्र फुकट नाही. शुल्क भरून केंद्रावर प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. आपल्या बेटावर केंद्र नसेल, तर आधी जहाजाचे तिकीट मिळवा.