व्हिटेलियसच्या कपाटातलं पंधरावं पुस्तक

ब्रिटिश लायब्ररीतल्या एका हस्तलिखिताचा क्रमांक आहे ‘कॉटन व्हिटेलियस ए-१५’. सतराव्या शतकात रॉबर्ट कॉटन नावाच्या ग्रंथवेड्या उमरावाने जुनी हस्तलिखितं जमवली होती. त्याच्या ग्रंथालयातल्या कपाटांवर रोमन सम्राटांचे अर्धपुतळे होते आणि पुस्तक कुठे आहे हे त्या पुतळ्यांच्या नावाने सांगितलं जाई. व्हिटेलियसचं कपाट, सगळ्यात वरचा खण, पंधरावं पुस्तक. ती कपाटं आता नाहीत, पण पत्ता अजून तोच चालतो.

या पत्त्यावर ‘बेओवुल्फ’ राहतं. ३१८२ ओळींचं हे काव्य साधारण इसवी सन १०००च्या सुमारास दोन लेखनिकांनी उतरवून काढलं. एकाचा हात जिथे थांबतो तिथे दुसऱ्याचा सुरू होतो, तोही १९३९व्या ओळीच्या अधेमधे. काव्य कुणी रचलं आणि नेमकं केव्हा, याबद्दल अभ्यासकांचं आजही एकमत नाही. हस्तलिखितात त्याला नावसुद्धा नाही. ‘बेओवुल्फ’ हे नाव नंतरच्यांनी दिलं. आणि जगात याची दुसरी जुनी प्रत नाही. एवढी एकच.

एम.ए.च्या वर्गात आपण इंग्रजी साहित्याचे कालखंड ओळीने शिकतो: प्राचीन इंग्रजी, मग चॉसर, मग एलिझाबेथकाळ, मग रोमँटिक कवी. ते असेच एकामागून एक येणार होते, असं वाटून जातं. पण त्यातल्या पहिल्या कालखंडाची सगळी मिळून जेमतेम तीस हजार ओळींची कविता उरली आहे आणि तिचा बहुतेक भाग चार हस्तलिखितांत आहे. चारांपैकी एक तर इटलीतल्या व्हेर्चेल्ली गावात आहे.

२३ ऑक्टोबर १७३१ रोजी कॉटनचा संग्रह वेस्टमिन्स्टरमधल्या ॲशबर्नहॅम हाउसमध्ये होता. पहाटे आग लागली. पुस्तकं खिडक्यांतून बाहेर फेकली गेली. काही जळून खाक झाली, शेकडोंना झळ लागली. ‘बेओवुल्फ’च्या पानांच्या कडा होरपळल्या, मजकूर मात्र बहुतांशी वाचला. नीरोच्या कपाटातलं ‘सर गवेन आणि हिरवा सरदार’ हे काव्यदेखील बचावलं. त्याचीही दुसरी जुनी प्रत कुठे नाही. ओथोच्या कपाटातली ‘माल्डनची लढाई’ मात्र जळाली. आज ती कविता वाचता येते, कारण आगीच्या थोडीच वर्षं आधी कुणीतरी तिची नक्कल करून ठेवली होती. ती नक्कल झाली नसती तर तिची एक ओळही आज उरली नसती!

होरपळलेल्या कडा पुढे वर्षानुवर्षं झडत राहिल्या. त्या झडत असताना, १७८६ साली, ग्रीमुर थोर्केलिन नावाचा डेन्मार्कच्या सेवेतला आइसलँडर लंडनला आला. तो डॅनिश इतिहासाची साधनं शोधत होता. ‘बेओवुल्फ’ची कथा इंग्लंडमध्ये घडतच नाही: नायक आजच्या दक्षिण स्वीडनमधला, राक्षस ग्रेंडेलने पछाडलेला दरबार डेन्मार्कमधला. थोर्केलिनने एक नक्कल पगारी लेखनिकाकडून करून घेतली, दुसरी स्वतः केली. १८०७ साली ब्रिटिशांनी कोपनहेगनवर तोफा डागल्या, त्यात त्याचं घर आणि छपाईसाठी तयार केलेलं काम गेलं. नकला वाचल्या. त्याने पुन्हा काम केलं आणि १८१५ साली हे काव्य पहिल्यांदा छापलं. मूळ पानांवरून पुढे झडून गेलेली सुमारे दोन हजार अक्षरं आज त्या दोन नकलांत सापडतात. इंग्रजांचं सगळ्यात जुनं महाकाव्य संपूर्ण वाचायचं, तर एका परक्या माणसाच्या कागदांकडे जावं लागतं. मला या हस्तलिखिताच्या सगळ्या हकिकतीत हा भाग सर्वांत थक्क करणारा वाटतो.

१८४५ साली प्रत्येक पान कागदाच्या चौकटीत बसवलं गेलं. झड थांबली, पण चौकटीखाली काही अक्षरं झाकली गेली. विसाव्या शतकाच्या शेवटी केविन किअर्नन या अभ्यासकाने पानांमागून प्रकाशतंतूंचा उजेड सोडून तीही वाचली.

याच बाडात आणखी एक मजकूर आहे, तो आपल्याला चकित करेल. अलेक्झांडरने ॲरिस्टॉटलला लिहिलेलं म्हणून समजलं जाणारं, हिंदुस्थानातल्या चमत्कारांचं पत्र, जुन्या इंग्रजीत. ग्रेंडेल आणि आपल्याकडचे कल्पित प्राणी हजार वर्षं एकाच कातड्याच्या पानांत राहत आले आहेत.

‘बेओवुल्फ’चं एक पान मात्र कुठल्याही उजेडाला पुरतं दाद देत नाही. पान १७९. म्हातारा झालेला बेओवुल्फ राज्य करतो आहे, एक माणूस ड्रॅगनच्या खजिन्यापर्यंत पोहोचतो, ड्रॅगन जागा होतो, आणि नेमकी इथली अक्षरं पुसट झाली आहेत. किअर्नन यांच्या मते जुना मजकूर पुसून इथे नवा लिहिला गेला. इतर अनेकांना ते पटत नाही. म्हणून तो माणूस खजिन्यापाशी कसा आला, हे वेगवेगळ्या संपादकांच्या आवृत्त्यांत थोडं थोडं निराळं वाचायला मिळतं.