कुणीच न आखलेलं सतरावं होल

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज या गावात समुद्राकाठच्या वाळवट माळावर शेकडो वर्षं गोल्फ चालू आहे. तिथल्या ओल्ड कोर्सचं सतरावं होल, ‘रोड होल’, जगातल्या सर्वांत अवघड होलांमध्ये गणलं जातं. मला थक्क करते ती एकच गोष्ट: ते कुणी एकाने कागदावर आखलेलं नाही. गावकुसाला जे जे येत गेलं, ते ते खेळाने आपलंसं केलं.

पूर्वी इथे जाताना आणि परतताना एकाच वाटेने, त्याच खड्ड्यांवर खेळत. गर्दी वाढली तशी मैदान रुंद करावं लागलं. १८४०च्या दशकात ॲलन रॉबर्टसन या नामवंत खेळाडूने सतराव्याची हिरवळ, म्हणजे खड्ड्याभोवतीचा आखूड गवताचा तुकडा, तयार केली, असं मानतात. जागा मिळाली ती चिंचोळी आणि तिरपी. तिच्या पाठीला गाडीरस्ता, रस्त्यापलीकडे दगडी भिंत, पुढ्यात डावीकडे वाळूचा खोल बंकर. १८५२मध्ये रेल्वे आली आणि पुढे उजव्या कोपऱ्यावर तिच्या शेडी उभ्या राहिल्या.

आता खेळाडूसमोरचा पेच पाहा. जवळची वाट शेडींवरून जाते. पलीकडे चेंडू कुठे पडेल ते दिसत नाही आणि जरा उजवीकडे सरकला की हद्दीबाहेर. भिऊन डावीकडे मारलं, तर हिरवळीच्या आणि तुमच्यामध्ये नेमका बंकर येतो. तो टाळायला जोर लावला, तर चेंडू रस्त्यावर. आणि रस्ता खेळाचाच भाग. तिथून दंडाशिवाय चेंडू उचलून ठेवायची मुभा नाही! पहिल्या फटक्यात दाखवलेली भीती दुसऱ्या फटक्यात वसूल होते. इतका चोख हिशेब योगायोगाने जुळावा, याचं नवल संपत नाही.

इथे झालेल्या १९७८च्या ओपन स्पर्धेत जपानचा नाकाजिमा दोन फटक्यांत हिरवळीवर पोचला होता. तिथून त्याने हलकेच ढकललेला चेंडू बंकरमध्ये घरंगळला आणि होल संपेतो नऊ फटके झाले. १९८४मध्ये टॉम वॉटसनचा चेंडू रस्ता ओलांडून भिंतीपाशी थांबला. तिथे त्याचा एक फटका वाया गेला. स्पर्धा सेव्ह बायेस्तेरोसने जिंकली.

रेल्वे १९६९मध्ये बंद झाली. त्याच सुमारास शेडी गेल्या, त्या जागी हॉटेल आलं. पण शेडींशिवाय पहिला फटका तसा राहिलाच नसता! म्हणून हॉटेलने त्यांच्याच आकाराची बांधणी पुन्हा उभारली, आणि आजही खेळाडू त्यावरून चेंडू मारतात. कोळशाच्या काळातला अडथळा गाडी बंद पडल्यावर मुद्दाम जपला गेला.

पुढे काठ्या आणि चेंडू सुधारले, फटके लांब जाऊ लागले, दुसरा फटका सोपा झाला. तेव्हा २०१०च्या ओपनसाठी टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, मागे, जुन्या रेल्वेमार्गाच्या पलीकडे नेली. ४५५ यार्डांचं होल ४९५ यार्डांचं झालं, म्हणजे हिरवळीकडे पुन्हा दुरूनच नेम धरणं आलं. रस्ता आणि भिंत मात्र जागची हलवली नाहीत.