ध्वनीची घडी

शालूची घडी घालताना त्याचा काठ कापावा लागत नाही. ध्वनीचे तसे करता येईल काय? सीडीच्या तबकडीवर दर सेकंदास, प्रत्येक बाजूचे, ४४,१०० नमुने असतात. त्यांना जागा फार लागते. एमपी३ ही पद्धत कानाला न जाणवणारे अंश टाकून देते. टाकलेले परत मिळत नाही. २००१ साली जॉश कोल्सन यांनी सिद्ध केलेली ‘फ्लॅक’ पद्धत मागील नमुन्यांवरून पुढच्याचा अदमास बांधते व अदमासातील चूक तेवढी टिपून ठेवते. घडी मोडताच मूळ नमुने जसेच्या तसे! शिवाय तिची कृती सर्वांस खुली आहे. उद्या एखादा कारखाना बुडाला, तरी नातवंडांना ती घडी उलगडता येईल. म्हणून वडीलधाऱ्यांचा आवाज जतन करताना मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो.