पट्टीवरचा चरा

६१ पट्ट्यांचा कीबोर्ड टेबलावर पालथा घातलेला आहे आणि काका त्याच्या पाठीचे स्क्रू काढतायत. निघालेला प्रत्येक स्क्रू एका पुठ्ठ्यावर, ज्या जागेवरून आला त्याच जागी टोचला जातो. लांब स्क्रू आखुडाच्या भोकात गेला तर वरचं प्लास्टिक आतून फोडून बाहेर येतो, म्हणून ही शिस्त.

शनिवार पेठेतलं हे दुकान म्हणजे वाड्याच्या तळमजल्यावरची एक लांबट खोली. भिंतीला हार्मोनियमचे भाते, खाली ॲम्प्लिफायर, कोपऱ्यात भंगारातून आणलेले कीबोर्ड. गणपती तोंडावर आलेत. पावसाची रिपरिप चालू आहे आणि नदीपात्राकडून ढोल पथकाचा सराव ऐकू येतोय. ऑर्केस्ट्रावाल्यांच्या दृष्टीनं हे कमाईचे दिवस. स्टुलावर बसलेला कीबोर्डचा मालकही त्यांच्यातलाच. रात्री कार्यक्रम करतो, सकाळी मुलांना शिकवतो. मुलांसाठी त्यानं मधल्या सप्तकावर सा-रे-ग-मचे स्टिकर लावले होते. घरातल्या कुणीतरी ते ब्लेडनं खरवडले. स्टिकर गेले, चरे राहिले.

"आवाजाला काही होत नाही काका, पण हात अडतो," तो म्हणतो.

आवाजाला काही होत नाही ते का, हे आता समोरच दिसतंय. पट्ट्यांखाली रबराच्या टोप्यांची लांब रांग आहे. पट्टी दाबली की टोपी दबते आणि तिच्यातले कार्बनचे दोन ठिपके सर्किटवर एकामागून एक टेकतात. त्या दोन टेकण्यांमधला वेळ मोजून वाद्य ठरवतं, सूर हळू द्यायचा की जोरात. या सगळ्यात पट्टीच्या वरच्या पृष्ठभागाचा काडीचा संबंध नाही. पण वाजवणाऱ्याचा सगळा संबंध त्या पृष्ठभागाशीच असतो. बोट घसरवत सूर ओढायचा, अंगठा खालून पुढच्या पट्टीवर न्यायचा, हे सगळं तिथंच घडतं. म्हणून या कामाला नुसती रंगसफेदी म्हणणं मला पटत नाही.

या कीबोर्डच्या पट्ट्या सुट्या निघत नाहीत. एका सप्तकाच्या तीन फण्या असतात. पांढरी एकला सा धरला तर सा-ग-प-नी एका फणीत, रे-म-ध दुसरीत आणि पाचही काळ्या तिसरीत. काका मधल्या सप्तकाच्या फण्या उचलतात, प्रत्येकीच्या पोटाला पेन्सिलीनं आकडा घालतात. रबराच्या टोप्यांवर कोरडं फडकं पसरतात, घासकामाचं पाणी तिकडं जायला नको म्हणून.

आधी नखाची परीक्षा. दिवा तिरपा करून ते चऱ्यावर आडवं नख फिरवतात. नख न अडता सरकलं तर ओरखडा वरवरचा. अडलं तर खोल. रे, म, ध, प आणि नी सुटतात. सा थोडा अडतो. ग वर नख चक्क थांबतं.

"नेलपेंट रिमूव्हरनं जाईल का हो? भाऊ म्हणत होता."

"हात लावू नकोस त्याला," काका एकदम मान वर करतात. "त्यात बहुतेकदा ॲसिटोन असतं. हे एबीएस प्लास्टिक, ते विरघळवतं. चरा राहील आणि वर डाग पडेल."

बफिंग मशीनही ते वापरत नाहीत. हे प्लास्टिक साधारण शंभर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि फिरत्या चाकाखाली एका जागी तेवढी उष्णता साठायला वेळ लागत नाही. त्यामुळे सगळं काम हातानं. वाटीत पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब. खोडरबराला गुंडाळलेला १००० नंबरचा वॉटर पेपर. नुसत्या बोटानं घासलं तर दाब एका जागी पडून खळगा होतो. खोडरबरामुळे तो सारखा पसरतो आणि पट्टीची कडही गोल होत नाही.

पट्टीच्या लांबीला धरून हात मागेपुढे चालतो. पुसून, दिव्याखाली बघून, मग १५०० नंबर, आता आडवा. दिशा बदलली की आधीच्या कागदाच्या रेघा उरल्यात का ते लगेच दिसतं. त्या पूर्ण गेल्याशिवाय काका पुढचा कागद उचलत नाहीत. पुसलेली पट्टी आता पार निस्तेज, भुरकट दिसतेय. आधी एकच चरा होता, आता अख्खी पट्टीच बिघडल्यासारखी वाटते. मालकाचा चेहरा उतरतो.

"इथंच सगळे घाबरतात," काका म्हणतात आणि २००० चा कागद भिजवतात.

२००० नंतर ३०००. मग सुती फडक्यावर वाटाण्याएवढं रबिंग कंपाउंड, गाड्यांच्या रंगाला लावतात तेच. लहान लहान गोल, हलक्या दाबानं. भुरकटपणा विरत जातो आणि ट्यूबलाइटची रेघ पट्टीत सरळ उमटते. सा वर आता नख कुठंच थबकत नाही.

ग मात्र पुरता गेलेला नाही. केसाएवढी रेघ तळाशी उरलीय. मालक म्हणतो, अजून थोडं घासा ना. काका नकारार्थी मान हलवतात. ती रेघ घालवायची तर भोवतालचं प्लास्टिक तेवढंच खाली न्यावं लागेल आणि बोटाला तिथं खळगा लागेल. त्यापेक्षा ते सा-ग-प-नीची ही फणी सगळ्यात खालच्या सप्तकात बसवतात आणि तिथली मधे आणतात. दोन्हींचा साचा एकच. सगळ्यात वरची चालली नसती, कारण तिला शेवटचा जास्तीचा सा जोडलेला आहे.

अदलाबदलीनं नवीनच प्रश्न उभा राहतो. खालून आलेली फणी कमी वापरातली, म्हणून मंद दिसते. मधल्या सप्तकातल्या रे-म-ध बोटांनी घासून घासून तुळतुळीत झाल्यात. काका तिच्यावरही ३००० चा कागद आणि कंपाउंड फिरवतात, पण मधेच थांबून शेजारी धरून बघतात, पुन्हा फिरवतात, पुन्हा बघतात.

"पट्टी नवी करायची नाहीये रे. शेजारणीसारखी करायचीय."

या कामाचं सगळं शहाणपण मला या एका वाक्यात सापडतं. चकाकी कुणीही आणेल. वर्षानुवर्षं वाजलेल्या वाद्याचं वय राखून, त्याच्या अंगावरची फक्त इजा काढणं, यालाच जाण लागते. म्हणूनच काळ्या फणीला ते कागद लावतच नाहीत. तिच्यावर कारखान्यातूनच आलेला बारीक खरखरीतपणा आहे. घासला की तो जातो आणि परत आणता येत नाही. तिथं फक्त ओलं फडकं.

स्क्रू पुठ्ठ्यावरून आपापल्या जागी परततात. मालक डोळे मिटून मधल्या सप्तकावरून बोट ओढत नेतो, वर, परत खाली. ब्लेड कुठं लागलं होतं ते त्याला सांगता येत नाही. तो हसतो आणि विचारतो, "पण मुलांना आता सूर दाखवू कसे?"

"कागदाच्या लांब पट्टीवर लिही आणि पट्ट्यांच्या मागे, पॅनेलला टेकवून ठेव. आणि कुणी चिकटवलंच, तर ब्लेड घेऊ नकोस. हेअर ड्रायर लांबून थोडा वेळ धर, गोंद सैल होतो. मग बोटानं सोल."