कोणतं इस्ट्रोजेन, किती आणि कुठल्या वाटेनं

करंजाच्या एखाद्या पारलिंगी मुलीनं हार्मोन सुरू करायचं ठरवलं, तर बहुतेक वेळा सगळ्यात आधी तिच्या हाती पडतं ते माला-डीचं पाकीट. ते उरणच्या मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं, पैसे फार लागत नाहीत, आणि ओळखीच्या कुणीतरी तेच घेतलेलं असतं. म्हणून सुरुवात या पाकिटापासूनच करू.

पाकिटात 28 गोळ्या असतात. त्यातल्या 21 हार्मोनच्या आणि उरलेल्या 7 नुसत्या लोहाच्या. हार्मोनच्या प्रत्येक गोळीत दोन औषधं आहेत: इथिनाइल इस्ट्राडायॉल 0.03 मिलिग्रॅम आणि लेव्होनॉर्जेस्ट्रेल 0.15 मिलिग्रॅम. पहिलं इस्ट्रोजेन आहे खरं, पण ते शरीरात तयार होणारं नव्हे. यकृताला ते लवकर मोडता येऊ नये अशी त्याची रचना मुद्दाम केलेली आहे. त्यामुळे ते यकृतात रेंगाळतं, आणि रक्त गोठवणारी प्रथिनं यकृत जास्त बनवू लागतं. दिवसाला एक गोळी हा गर्भनिरोधनाचा डोस. शरीर लवकर बदलावं म्हणून तीन-तीन, चार-चार गोळ्या घेतल्या की गुठळीचा धोकाही चढत जातो. दुसरं औषध, लेव्होनॉर्जेस्ट्रेल, थोडं पुरुषी वळणाचं आहे. मुरमं आणि नको असलेले केस घालवायला निघालेल्या मुलीला तेच वाढवणारं औषध कशाला हवं?

तिसरी अडचण फारशी कुणी सांगत नाही. लॅबमधली इस्ट्राडायॉलची तपासणी हे इथिनाइल इस्ट्राडायॉल मोजतच नाही. अंगात इस्ट्रोजेन भरपूर असतं आणि रिपोर्टवर आकडा कमी दिसतो. तो पाहून आणखी गोळ्या वाढवल्या जातात.

ही नुसती शंका नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी 1989 मध्ये त्यांच्या पारलिंगी रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या काळी तिथं इथिनाइल इस्ट्राडायॉल आणि टेस्टोस्टेरॉन दाबणारं सायप्रोटेरोन ही जोडी देत असत. ते घेणाऱ्या स्त्रियांत रक्ताच्या गुठळ्या अपेक्षेपेक्षा 45 पट जास्त आढळल्या. आज कुठलीही जाणकार संस्था या कामासाठी इथिनाइल इस्ट्राडायॉल सुचवत नाही.

मग घ्यायचं काय? इस्ट्राडायॉल, म्हणजे अंडाशय बनवतं तेच हार्मोन. ते अंगात जाण्याच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि डॉक्टरांबरोबर बसून खरी निवड करायची ती इथं.

गोळी सगळ्यात सोपी. आपल्याकडे इस्ट्राडायॉल व्हॅलरेटची 2 मिलिग्रॅमची गोळी प्रोजिनोवा या नावानं मिळते. एंडोक्राइन सोसायटीच्या 2017 च्या मार्गदर्शिकेत तोंडावाटे दिवसाला 2 ते 6 मिलिग्रॅम सांगितले आहेत, आणि सुरुवात खालच्या टोकापासून होते. पण पोटात गेलेली गोळी आधी यकृतातून जाते, त्यामुळे गुठळीचा धोका कमी झाला तरी पुरता जात नाही. जेल किंवा पॅच कातडीतून थेट रक्तात जातो. वय पंचेचाळीसच्या पुढे असेल, आधी कधी गुठळी झाली असेल, सिगारेट किंवा विडी सुटत नसेल, तर डॉक्टर बहुधा हीच वाट धरतात. खाडीकाठच्या दमट हवेत जेल लावायचं तर अंग कोरडं करून लावावं, पूर्ण वाळल्यावरच कपडा घालावा, आणि त्या जागेला घरातलं लहान मूल चिकटणार नाही हे बघावं. जेल दुसऱ्याच्याही कातडीत उतरतं. इंजेक्शनात रोजची आठवण ठेवावी लागत नाही. पण टोचल्यावर पातळी वर जाते आणि पुढच्या सुईपर्यंत उतरते. मनाची चलबिचल अनेकींना याच उतारावर जाणवते. म्हणून रक्त दोन सुयांच्या मधोमध काढतात.

इस्ट्रोजेन एकटं सहसा पुरत नाही, टेस्टोस्टेरॉन खाली आणावं लागतं. भारतात त्यासाठी स्पायरोनोलॅक्टोन सर्रास वापरतात. मुळात ते लघवी वाढवणारं, रक्तदाबाचं औषध. ते शरीरात पोटॅशियम धरून ठेवतं, आणि पोटॅशियम फार चढलं तर हृदयाची लय बिघडते. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. किनाऱ्यावर राहणाऱ्या आणि उन्हाळ्यात रोज शहाळं पिणाऱ्या मुलीनं हे डॉक्टरांना आपणहून सांगायला हवं. ‘कमी सोडियमचं’ म्हणून विकलं जाणारं मीठही त्यातलंच. या गोळीबरोबर पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासत राहणं टाळता येत नाही.

सायप्रोटेरोन जास्त जोरकस आहे. मात्र मेंदूच्या आवरणात होणाऱ्या मेनिंजिओमा या गाठीशी त्याचा संबंध दिसल्यावर युरोपच्या औषध नियामकानं 2020 मध्ये दिवसाला 10 मिलिग्रॅम आणि त्याहून मोठ्या डोसांवर निर्बंध घातले. 50 मिलिग्रॅमची अख्खी गोळी रोज घेण्याचा काळ सरला. बायकाल्युटामाइड यकृताला इजा करू शकतं, म्हणून डब्ल्यूपॅथ या पारलिंगी आरोग्याच्या जागतिक संस्थेच्या मार्गदर्शिकेच्या 2022 च्या आठव्या आवृत्तीत ते नेहमीचा पर्याय म्हणून सुचवलेलं नाही. ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शनं काम चोख करतात, पण खर्च बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरचा.

डोस बरोबर आहे की नाही हे आरशावरून ठरवू नये. रक्तात इस्ट्राडायॉल 100 ते 200 पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि टेस्टोस्टेरॉन 50 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली, हे साधारण लक्ष्य. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तपासणी, पुढं वर्षातून एक-दोनदा. लक्ष्य गाठल्यावर डोस वाढवून छाती जास्त वाढत नाही. ती तीन ते सहा महिन्यांत दिसू लागते आणि पूर्ण वाढायला दोन-तीन वर्षं घेते. कातडी मऊ होते, चरबीची ठेवण बदलते. आवाज मात्र बदलत नाही आणि दाढीही जात नाही. त्यासाठी आवाजाचा सराव आणि लेझर हे वेगळे उपाय आहेत. मूल होण्याची शक्यता कायमची जाऊ शकते, तेव्हा वीर्य जपून ठेवायचा विचार पहिल्या गोळीआधी करावा लागतो.

निर्वाण झालेल्यांबद्दल, म्हणजे ज्यांची वृषणं काढली आहेत त्यांच्याबद्दल, थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथं फार हेळसांड होते. वृषणं काढल्यावर टेस्टोस्टेरॉन दाबणारं औषध थांबवायचं, इस्ट्रोजेन नव्हे. दोन्ही हार्मोन नसलेल्या शरीरात हाडं झिजत जातात, आणि ते कळतं ते पुष्कळदा हाड मोडल्यावर. गुरूच्या घरी राहणाऱ्या, वर्षानुवर्षं कुठलंच औषध न घेणाऱ्या अनेकींना हे कुणी सांगितलेलंच नसतं. सांगायला हवं.

हे सगळं पाहतो तो एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे ग्रंथींचा डॉक्टर. 2019 च्या पारलिंगी व्यक्तींच्या कायद्यातल्या कलम 15 नं हार्मोन उपचारांची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. 2023 मध्ये मुंबईच्या जीटी रुग्णालयात पारलिंगी रुग्णांसाठी 30 खाटांचा स्वतंत्र वॉर्ड सुरू झाला. 2024 पासून उरणहून लोकल सुटते; नेरूळला गाडी बदलून सीएसएमटीला उतरलं की जीटी चालत गाठता येतं.

पहिल्या भेटीला जाताना आजवर घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं, रिकामी असली तरी, पिशवीत टाकावीत. किती घेतल्या आणि किती दिवस, हे खरं सांगावं. घरात कुणाला गुठळी किंवा पक्षाघात झाला असेल तर तेही. टीबीचे उपचार चालू असतील तर आवर्जून सांगावं, कारण रिफॅम्पिसिन इस्ट्राडायॉलची पातळी खाली पाडतं. आणि हार्मोन चालू असताना एकच पोटरी सुजून दुखू लागली, किंवा अचानक धाप लागून छातीत कळ आली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता जवळचं रुग्णालय गाठावं, आणि तिथल्या डॉक्टरांना आपण इस्ट्रोजेन घेतो हे पहिल्याच वाक्यात सांगावं.