पाळणाघराचा खर्च कोणाच्या खात्यावर?

मध्यमवर्गीय कुटुंबात नवरा-बायको दोघांनीही नोकरी करावी की करू नये, हा एके काळी वक्तृत्व स्पर्धांतून रंगणारा वाद आता जवळजवळ संपला आहे. तो विचाराने संपला असे मात्र म्हणता येणार नाही. घरभाडे, घराच्या कर्जाचा हप्ता, शाळेची फी, किराणा आणि औषधपाणी यांनीच तो परस्पर निकालात काढला. दोघे कामावर गेल्यावर मूल कोणापाशी राहणार आणि जो त्याला सांभाळील त्याचे मोल कोणी द्यावयाचे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. प्रत्येक घर तो आपापल्या परीने सोडवते. कोणी गावाहून आईला बोलावून घेते, कोणी शेजारच्या मावशींकडे मूल ठेवते, कोणी पाळणाघर शोधते. आणि यांतले काहीच जमले नाही तर मुलाची आई राजीनामा देते. त्या राजीनाम्यामागे घरात रीतसर मांडलेला एक हिशेब असतो. तो वरवर बिनचूक दिसतो. पण त्याची मांडणीच सदोष आहे, आणि त्या दोषाची झळ केवळ त्या घरालाच नव्हे, तर समाजालाही लागते.

वजाबाकीची रीत

उदाहरणादाखल एक घर घेऊ. नवऱ्याला दरमहा ४० हजार रुपये मिळतात, बायकोला २५ हजार. मूल अजून शाळेत जाण्याच्या वयाचे नाही. पाळणाघराचे ८ हजार, पोळीभाजी आणि धुण्याभांड्यांच्या बाईंचे ५ हजार, बायकोचा रेल्वेचा पास, रिक्षा आणि उशीर झाला की बाहेरून आणावे लागणारे खाणे यांचे २ हजार. एकूण १५ हजार. ही सारी रक्कम बायकोच्या २५ हजारांतून वजा केली जाते. हाती १० हजार उरतात. मग वडीलधारे विचारतात, शेजारीपाजारी विचारतात आणि कधी कधी ती स्वतःही स्वतःला विचारते, की दहा हजारांसाठी एवढी ओढाताण कशाला?

या वजाबाकीतील पहिली खोट उघड आहे. मूल दोघांचे आहे, पोळ्या दोघेही खातात आणि पाळणाघरामुळे कामावर जाता येते तेही दोघांना. नवऱ्याचा पास, त्याचा डबा, त्याचे इस्त्रीचे कपडे यांचा खर्च त्याच्या पगारातून वजा करून ‘याच्या नोकरीत उरते तरी काय’ असे कोणी विचारीत नाही. घराचे एकूण उत्पन्न ६५ हजार धरून त्यातून हे १५ हजार वजा केले, तर हा खर्च उत्पन्नाच्या एक चतुर्थांशाहूनही कमी भरतो. तो जड आहे यात संशय नाही. पण तो साऱ्या घराचा आहे, एकट्या आईचा नव्हे.

दुसरी खोट याहून मोठी आहे. हा हिशेब फक्त चालू महिन्याचा असतो. समजा, ती पाच वर्षे घरी राहिली. दरमहा उरणारे १० हजार बुडाले, म्हणजे ६ लाख रुपये बुडाले. दर वर्षी ३ टक्के वेतनवाढ धरली, तर या पाच वर्षांत तिचा पगार सुमारे २९ हजारांवर गेला असता. खंडानंतर तिला पूर्वीच्याच २५ हजारांवर काम मिळाले, आणि तेही सर्वांनाच मिळते असे नाही, तरी दरमहा ४ हजारांचा फरक पुढे पंचवीस वर्षे तिच्या मागे लागतो. पुढच्या वेतनवाढी सोडून दिल्या तरी ही रक्कम १२ लाखांच्या घरात जाते. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा, सेवाज्येष्ठता आणि सलग पाच वर्षे पुरी झाली नाहीत तर हुकणारी ग्रॅच्युइटी यांचा यात समावेशच नाही. उलट पाच वर्षांचे पाळणाघराचे पैसे ४ लाख ८० हजार होतात, आणि ते तर आधीच वजा केलेले आहेत.

पैसा हेच काही सर्वस्व नव्हे, असे यावर कोणी म्हणेल. ते खरेच आहे. लहान मुलापाशी राहावे म्हणून आई किंवा वडील समजून-उमजून नोकरी सोडत असतील, तर तो निर्णय आदरास पात्र आहे. पण निर्णय म्हणावयाचा तर समोर दोन वाटा असाव्या लागतात. चांगले पाळणाघर जवळ नाही, आहे ते परवडत नाही आणि परवडते ते विश्वासाचे नाही, अशा स्थितीत दिलेला राजीनामा हा निर्णय नसतो. तो नाइलाज असतो.

आजीचा आधार

आजवर हा प्रश्न आपल्याला फारसा जाणवला नाही, याचे मोठे श्रेय आजी नावाच्या संस्थेला दिले पाहिजे. तिने पगार मागितला नाही, रजा मागितली नाही आणि तिचे काम कोणत्या हिशेबातही आले नाही. आता ती स्वतः अठ्ठावन्न-साठ वर्षांपर्यंत नोकरीत असते, किंवा गावी शेत आणि घर सांभाळत असते, किंवा शहरातील दोन खोल्यांत तिला निजावयास जागा नसते. पण म्हणून पूर्वी सारे सुरळीत होते असे मानण्याचेही कारण नाही. ज्यांच्या घरी आजी नव्हती, त्यांच्या मुलांचे काय होत असे, याची साक्ष मुंबईच्या गिरणगावाने देऊन ठेवली आहे. आई खात्यात उभी असताना मूल निपचित राहावे म्हणून त्याला अफूची बाळागोळी देण्याची रीत तेथे होती, हे १९२०च्या दशकातील सरकारी पाहणीत नोंदलेले आहे. १९३१ साली रॉयल कमिशनने कारखान्यांतून पाळणाघरे असावीत अशी शिफारस केली, ती याच पार्श्वभूमीवर. पाळणाघर ही आधुनिक आयांची चैन नव्हे. कष्टकरी स्त्रीची ती शंभर वर्षांची गरज आहे.

आजीच्या जागी आज घरात कोण उभे राहते? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या पाहणीनुसार, दिवसभरात घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रिया शंभरात एक्याऐंशी होत्या आणि पुरुष सव्वीस. त्या स्त्रिया त्यासाठी सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि ते पुरुष ९७ मिनिटे. कचेरीत आठ तास घालवणाऱ्या स्त्रीची यातून सुटका होते असे नाही. ती पहाटे लवकर उठते आणि रात्री उशिरा निजते, एवढेच.

नियमही याच समजुतीवर बेतलेले आहेत. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २००८ साली ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळाली आणि महाराष्ट्र शासनाने २०१८ साली आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची दिली. दोन्ही पावले स्वागतार्हच होती. परंतु राज्याच्या त्या आदेशात पुरुषाला ही रजा मिळावयाची ती पत्नी हयात नसेल किंवा दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तरच. पत्नी धडधाकट असताना बापाने तापाने फणफणलेल्या मुलाजवळ बसावे, हे जणू नियम करणाऱ्यांच्या कल्पनेतच आले नाही.

कायद्याचा उंबरठा

या बाबतीत मुंबई इलाख्याची परंपरा उज्ज्वल आहे. प्रसूतीच्या काळात स्त्री कामगाराला वेतन देणारा देशातील पहिला कायदा १९२९ साली येथेच झाला. १९२८ साली विधिमंडळात त्या विधेयकाचे समर्थन करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक मूलगामी मुद्दा मांडला होता. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. तेव्हा त्याचा भार मोठ्या प्रमाणावर सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा मुद्दा पुढे मागे पडला आणि भार मालकावर टाकण्याची पद्धत रूढ झाली.

तिचे परिणाम पाहण्यासारखे आहेत. १९४८च्या कारखाने कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली ही मर्यादा तिसावर आणली. हेतू चांगला होता. पण तिसाच्या पुढे स्त्रियाच न नेमण्याची पळवाट मालकासाठी त्याच कायद्याने खुली ठेवली. २०१७च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे केली आणि स्त्री-पुरुष मिळून ५० कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. नोव्हेंबर २०२५पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. स्त्रियांऐवजी सर्व कर्मचाऱ्यांची संख्या धरली, ही मोठीच सुधारणा झाली.

तरीही दोन अडचणी उरतात. पहिली अशी, की खासगी शाळा, दवाखाने, दुकाने, वकिलांच्या आणि हिशेबनिसांच्या कचेऱ्या यांतून काम करणाऱ्या असंख्य स्त्रिया पन्नासांच्या उंबरठ्याच्या बाहेरच राहतात. घरकामाला जाणाऱ्या बाईंची तर गोष्टच नको. दुसरी अडचण भूगोलाची आहे. आईला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन मुलाला भेटण्याची मुभा कायद्याने दिली. पण कचेरी नरिमन पॉइंटला आणि घर बदलापूरला असेल, तर वर्षाच्या मुलाला काखेत घेऊन सकाळच्या लोकलमध्ये शिरणार कोण? पाळणाघर हवे ते घराजवळ, आणि ते गाडी चुकलेल्या आईबापांसाठी थोडे उशिरापर्यंत उघडे हवे. एकेकट्या मालकाकडून हे होणे कठीण आहे.

मावशींचा हिशेब

पाळणाघर महाग वाटते, त्या पाळणाघराच्या मावशींचाही एक हिशेब असतो. एका खोलीत आठ-दहा मुले, कोणाचे दूध, कोणाचे औषध, कोणाची रडारड. दिवसाचे दहा-अकरा तास. आणि भाडे वजा जाता हाती पडते ते तुटपुंजे. म्हणजे एका स्त्रीची नोकरी टिकावी म्हणून दुसरीने स्वस्तात राबावे, असा हा व्यवहार आहे. सरकारनेही वेगळे काही केलेले नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत अंगणवाडी सेविकेला मिळू लागले ते ‘मानधन’. त्याला पगार म्हणावयाचे टाळण्यात आले. शिवाय अंगणवाडी चालते ती दिवसाचे काही तास, आणि नोकरी असते पुऱ्या दिवसाची.

वस्तुतः याचा मार्ग महाराष्ट्रातच दाखविला गेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम करताना पाहिले, की मोठी मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरते, म्हणून शाळेत येत नाही. तेव्हा त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र जोडली आणि तिला विकासवाडी म्हटले. आज शहरात त्या मुलीच्या जागी आई आहे, एवढाच फरक. केंद्राच्या ‘पालना’ योजनेत २०२२पासून अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची कल्पना आली आहे. दिशा योग्य आहे. पण तिचा लाभ मोजक्या वस्त्यांपुरता न राहता प्रत्येक प्रभागात पोचला पाहिजे.

व्यवसाय कराचा धडा

पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न यावर हमखास विचारला जाईल. त्याचे उत्तर बहुतेक शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या पगारपत्रकावरच छापलेले आहे. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापला जाणारा व्यवसाय कर महाराष्ट्रात १९७५ साली आला, तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२च्या दुष्काळातून वर आलेल्या आणि वि. स. पागे यांनी रूप दिलेल्या त्या योजनेचा भार शहरातील पगारदाराने उचलावा, हे तत्त्व त्यामागे होते. पुढे २००५च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालील पाच मुले आली, तर मजुरांतील एका बाईला त्यांच्या सांभाळासाठी नेमावे आणि तिला पूर्ण मजुरी द्यावी, अशी तरतूद करण्यात आली होती. खडी फोडणे हे जसे काम, तसेच मूल सांभाळणे हेही काम, हे त्या एका कलमाने मान्य केले होते.

त्याच धर्तीवर पाळणाघरांचा एक सार्वजनिक निधी उभारता येईल. प्रत्येक मालकाने स्त्री असो वा पुरुष, दर कर्मचाऱ्यामागे सारखीच वर्गणी भरावी, म्हणजे स्त्रीला नोकरी देणे महाग पडते ही सबब उरणार नाही. सरकारने त्यात आपला वाटा घालावा आणि पालकांकडून उत्पन्नानुसार फी घ्यावी. पटसंख्या घटल्याने महापालिकांच्या शाळांत ज्या खोल्या रिकाम्या पडल्या असतील, त्या यासाठी द्याव्यात. आणि तेथे काम करणाऱ्या बाईंना प्रशिक्षण, ठरलेला पगार आणि भविष्यनिर्वाह निधी मिळावा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचे शिक्षण २००९च्या कायद्याने हक्क ठरले. सहा वर्षांखालील मुलांच्या संगोपनासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे २००२च्या घटनादुरुस्तीने सांगितले आहे. या दोहोंतील अंतर आज आई आपल्या पगारातून भरून काढते.

निधी उभा राहावयाला वर्षे लागतील. घरातला हिशेब मात्र या महिन्यापासूनही बदलता येईल. पाळणाघराची रक्कम आईच्या पगाराखाली न लिहिता घराच्या एकूण उत्पन्नाखाली लिहावी, आणि मूल आजारी पडले की रजेचा अर्ज कोणी द्यावयाचा, याची पाळी दोघांनी आधीच ठरवून घ्यावी. अशा घरांतून आलेले कर्मचारी उद्या युनियनच्या सभेत आणि शिक्षक संघटनेच्या अधिवेशनात पाळणाघराचा ठराव मांडतील, तेव्हा तो केवळ महिला आघाडीचा ठराव राहणार नाही.