शिपायावांचून कायदा

राष्ट्राच्या हद्दींत चोरी झाली, तर पुढें काय होणार हें लहान मुलासही ठाऊक असतें. फिर्याद होते, पोलीस तपास करतात, न्यायाधीश निकाल देतो आणि गुन्हा शाबीत झाल्यास आरोपी तुरुंगांत जातो. हा कायदा तुला मान्य आहे काय, असें त्याला कोणी विचारीत नाहीं. कायदा करणारें विधिमंडळ, तो लावणारें न्यायालय आणि निकाल अंमलांत आणणारी दंडशक्ति, अशा तीन खांबांवर राष्ट्रीय कायदा उभा असतो. राष्ट्राराष्ट्रांमधील व्यवहारास मात्र यांपैकीं एकही खांब पुरतेपणीं लाभलेला नाहीं. सर्व राष्ट्रांसाठीं कायदे करणारी संसद जगांत नाहीं. बलाढ्य राष्ट्राच्या दारीं जाऊन त्यास बेड्या घालणारा शिपाईही नाहीं. मग ज्याला आंतरराष्ट्रीय कायदा म्हणतात, तो खरोखर कायदा आहे, कीं केवळ सभ्य राष्ट्रांचा शिष्टाचार? या प्रश्नाचें उत्तर व्याख्यांपेक्षां एखाद्या प्रत्यक्ष खटल्यांतून अधिक स्पष्ट होतें; आणि असा एक खटला महाराष्ट्राच्या उंबरठ्यावरच उद्भवलेला आहे.

मराठे व पोर्तुगीज यांच्यांत १७७९ सालीं पुण्यास तह झाला. त्या तहाच्या व पुढें १७८३ आणि १७८५ सालीं निघालेल्या सनदांच्या आधारें दादरा व नगरहवेली येथील गांवें पोर्तुगीजांकडे गेलीं. या दोन्ही प्रदेशांभोवतीं भारताचा मुलूख होता. दमणच्या किनाऱ्यावरून तेथें जावयाचें तर भारताची भूमि ओलांडावी लागे. १९५४ च्या जुलै व ऑगस्ट महिन्यांत मुक्तिसैनिकांनीं तेथील पोर्तुगीज सत्ता उलथून टाकली. ती पुन्हां बसविण्यासाठीं पोर्तुगालला आपले अधिकारी व सैनिक तेथें धाडावयाचे होते. भारत सरकारनें वाट दिली नाहीं. तेव्हां २२ डिसेंबर १९५५ रोजीं पोर्तुगालनें हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयांत भारतावर दावा दाखल केला. भारताच्या मुलुखांतून जाण्याचा आपला हक्क मान्य व्हावा, ही त्याची मुख्य मागणी होती.

येथेंच पहिला भेद दिसून येतो. दिवाणी न्यायालयाचें समन्स आलें, कीं प्रतिवादीस हजर व्हावें लागतें, नाहीं तर निकाल एकतर्फी होतो. हेगच्या न्यायालयापुढें वादी व प्रतिवादी म्हणून केवळ राष्ट्रेंच उभीं राहूं शकतात, आणि ज्या राष्ट्रानें कोणत्याही रूपानें संमति दिलेली नाहीं, त्याच्यावर तेथें खटला चालूं शकत नाहीं. भारताची संमति होती. २८ फेब्रुवारी १९४० रोजीं, म्हणजे ब्रिटिश अमदानींत, त्या वेळच्या जागतिक न्यायालयासाठीं दिलेलें भारताचें घोषणापत्र नव्या न्यायालयासही लागू पडलें होतें. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजीं संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला, १९ तारखेस त्यानें तसेंच घोषणापत्र दिलें आणि तीनच दिवसांनीं दावा लावला. या घाईवर भारतानें आक्षेप घेतला. परंतु घोषणापत्र सादर होतांच अंमलांत येतें, असें ठरवून न्यायालयानें १९५७ च्या नोव्हेंबरमध्यें भारताच्या सहा आक्षेपांपैकीं पहिले चार फेटाळले व उरलेले दोन मूळ वादाबरोबर ऐकण्याचें ठरविलें. अशा रीतीनें पोर्तुगालसारख्या लहान राष्ट्रास भारतासारख्या विशाल राष्ट्राकडून जाब मागतां आला. आणि भारताची पूर्वसंमति हाच त्याचा आधार होता.

दुसरा भेद न्यायासनाच्या रचनेंतला आहे. या न्यायालयांत पंधरा न्यायाधीश असतात. परंतु एखाद्या पक्षकार राष्ट्राचा न्यायाधीश त्यांत नसेल, तर त्यास तेवढ्या खटल्यापुरता एक न्यायाधीश नेमतां येतो. भारतानें मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले महंमद करीम छागला यांस नेमलें. पोर्तुगालनेंही आपला न्यायाधीश नेमला. आपला न्यायाधीश आपणच निवडण्याची ही मुभा राष्ट्रीय न्यायालयांत कोणास मिळेल?

तिसरा व सर्वांत महत्त्वाचा भेद, कायदा आणावयाचा कोठून? न्यायालयाच्या घटनेनें तीन मुख्य उगम सांगितले आहेत: राष्ट्रांनीं केलेले तह, कायदा म्हणून पाळली गेलेली रूढि आणि सुधारलेल्या राष्ट्रांनीं मान्य केलेलीं सामान्य तत्त्वें. पूर्वींचे निकाल व विद्वानांचे ग्रंथ हीं त्यांस साहाय्यभूत होतात. त्याप्रमाणें पेशवाईंतील तह व सनदा हेगच्या न्यायासनापुढें आल्या. सनदांनीं दिला तो महसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे, असा न्यायालयाचा निर्णय झाला. पुढें इंग्रजांनीं मात्र पोर्तुगीजांचें सार्वभौमत्व न बोलतां मान्य केलें होतें.

राहिली रूढि. शेतांतून जाणाऱ्या पाऊलवाटेच्या तंट्यांत वहिवाटीला केवढें महत्त्व असतें, हें खेड्याशीं संबंध असलेल्या प्रत्येकास माहीत आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानें अशा वाटेसाठीं वीस वर्षांची मुदत घातली आहे. राष्ट्रांच्या वहिवाटीस अशी ठराविक मुदत नाहीं. ती दीर्घ व सातत्याची असून उभयतांनीं हक्क व कर्तव्य म्हणून मानलेली असावी लागते. केवळ दोन राष्ट्रांमध्यें रूढि निर्माण होऊं शकत नाहीं, हें भारताचें म्हणणें न्यायालयानें स्वीकारलें नाहीं. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ खासगी माणसें, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांची ये-जा मोकळेपणें चालत आली होती. सशस्त्र सैन्य, सशस्त्र पोलीस व दारूगोळा यांस मात्र दर वेळीं परवानगी लागे.

म्हणून १२ एप्रिल १९६० च्या निकालानें पहिल्या वर्गापुरता, आणि तोही भारताच्या नियंत्रणास अधीन असा, पोर्तुगालचा हक्क १९५४ मध्यें होता असें मानलें. दुसऱ्या वर्गापुरता तो नाकारला. शिवाय त्या वेळची तंग परिस्थिति पाहतां भारतानें वाट अडविली यांत कर्तव्यभंग झालेला नाहीं, असेंही ठरविलें. पुढें १९६१ च्या ऑगस्टमध्यें घटनादुरुस्तीनें हे प्रदेश भारतीय संघराज्यांत सामील झाले.

या कायद्याची मर्यादाही त्याच वर्षीं दिसून आली. डिसेंबरांत भारतीय सैन्यानें गोवा, दमण व दीव मुक्त केलें, तेव्हां पोर्तुगालनें सुरक्षा समितीकडे धांव घेतली. शिपायाचें काम करूं शकेल अशी संस्था कोणती असेल, तर ती हीच. परंतु तिच्या पांच कायम सभासदांपैकीं एकाचाही नकार ठराव पाडण्यास पुरतो. सोव्हिएट रशियानें तो दिला, आणि युद्धबंदी व सैन्य मागें घेण्याचा ठराव बारगळला. शिपाई कोणास हटकणार, हें अशा रीतीनें पांच राष्ट्रांच्या मर्जीवर अवलंबून राहतें.

मग या दोन कायद्यांची गांठ कोठें पडते? भारताच्या घटनेचें ५१ वें कलम आंतरराष्ट्रीय कायद्याविषयीं आदर वाढविण्यास राज्यास सांगतें, आणि २५३ वें कलम तहांच्या अंमलबजावणीसाठीं कायदे करण्याचा अधिकार संसदेस देतें. याचा अर्थ, सरकारनें सही केली म्हणून तह आपोआप देशाचा कायदा होत नाहीं. १९५८ मध्यें भारत व पाकिस्तान यांच्या पंतप्रधानांनीं बंगालमधील बेरूबारीच्या विभागणीचा करार केला. परंतु देशाची भूमि परक्यास देण्यास घटनादुरुस्ती हवी, असें मत सर्वोच्च न्यायालयानें १९६० मध्यें दिलें व तशी दुरुस्ती करावी लागली. उलटपक्षीं, आमचा देशी कायदा आड येतो, अशी सबब सांगून कोणत्याही राष्ट्रास तहांतून सुटतां येत नाहीं. घरच्या अडचणी घरींच सोडवाव्या लागतात.

एवढें असून राष्ट्रें हा कायदा बहुधा पाळतात, याचें कारण परस्परावलंबन होय. मुंबईंत टाकलेलें पत्र परदेशांतील घरीं पोहोंचतें, त्यामागें १८७४ पासून चालत आलेल्या टपालसंघाचे करार असतात. आपल्या वकिलास परक्या राजधानींत अभय हवें असेल, तर परक्या वकिलास आपल्या राजधानींत अभय द्यावें लागतें. आज दुसऱ्याच्या बाबतींत मोडलेला नियम उद्यां आपल्याच उपयोगीं पडावयाचा असतो, ही जाणीव पुष्कळदां शिपायाचें काम करते.

म्हणून वर्तमानपत्रांत दोन राष्ट्रांचा तंटा वाचतांना कोण बलवान आहे, एवढ्यावरच थांबूं नये. त्यांनीं एकमेकांस कोणतीं वचनें दिलीं आहेत, त्यांची वहिवाट कोणती आहे, आणि न्यायासनापुढें येण्यास दोघांची संमति आहे काय, हे तीन प्रश्न विचारावे. त्यांचीं उत्तरें मिळालीं, कीं त्या तंट्यांत कायदा कोठवर पोहोंचतो आणि बळ कोठून सुरू होतें, हें सामान्य वाचकासही ओळखतां येईल.